मामांच्या वतीने दोन शब्द

२ जानेवारी, सकाळी ७

आजपासून इंग्रजी. ठरलं म्हणजे ठरलं.

काल नव्या जनरल मॅनेजर बाईंनी सगळ्या स्टाफला हॉलमध्ये बोलावून पंचवीस मिनिटं भाषण केलं. परदेशातून आल्यात, इंग्रजीशिवाय बोलत नाहीत. काहीच कळलं नाही असं नाही. 'गुड मॉर्निंग' कळलं, 'टीम' कळलं, 'टॉवेल' कळलं. टॉवेलचं नेमकं काय ते निसटलं. पण टॉवेल म्हणजे लाँड्री आणि या हॉटेलात लाँड्री म्हणजे मी. बावीस वर्षं आहे इथे, त्यातली नऊ इनचार्ज म्हणून. टॉवेल म्हणताना बाईंनी माझ्याकडेच पाहिलं. मी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं असावं.

हाऊसकीपिंगचे मॅनेजर एप्रिलमध्ये रिटायर होतायत. ती खुर्ची इंग्रजी येणाऱ्यालाच मिळणार.

साठ दिवसांचं पुस्तक आणलं. रोज वीस शब्द, एक वाक्प्रचार. म्हणजे बाराशे शब्द. सामान्य माणसाचं हजारात भागतं असं प्रस्तावनेत आहे. दोनशे शिल्लक राहतील. ते हिला देईन.

३ जानेवारी

घरातल्या वस्तूंवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डोअर, विंडो, बकेट, स्पून. एका सकाळीत चाळीस. पातेल्याच्या बुडावरची चिठ्ठी न काढताच हिने पातेलं गॅसवर ठेवलं. धूर झाल्यावर मलाच बोलली. शिक्षणाची कदर नाही.

धाकटी म्हणाली, बाबा, 'कपबोर्ड' नाही म्हणत, 'कबर्ड' म्हणतात. चौदा वर्षांची आहे. मी विचारलं, 'कप' स्वच्छ दिसतोय, 'बोर्ड' स्वच्छ दिसतोय, मग 'प' कुठे पळाला? 

नियम केला: घरात माझं इंग्रजी कोणीही दुरुस्त करायचं नाही. आत्मविश्वास जातो.

५ जानेवारी

काल जमलं नाही. पाहुणे आले होते. (खालचे शेजारी किल्ली मागायला आले होते. दोन मिनिटं थांबले. पण लय गेली ती गेली.) आज चाळीस शब्द करायचे होते. उद्या साठ करेन.

८ जानेवारी

पाठांतर हे ढ मुलांचं काम. मी पद्धत शोधून काढलीय. शब्द फोडायचा.

होमलेस: होम नाही. यूजलेस: यूज नाही. एंडलेस: एंड नाही. शेवटी 'लेस' आलं की समजायचं, त्याच्या आधी जे आहे ते त्या माणसाकडे नाही. एका नियमात शंभर शब्द खिशात. साठ दिवस लावणारा पुस्तकवाला मूर्ख आहे.

जेवताना सांगितलं. धाकटी म्हणाली, मग 'प्राइसलेस' म्हणजे फुकट का? मी म्हणालो, अर्थातच. ती हसली. ही पण हसली, तिला तर त्यातलं काहीच कळलेलं नव्हतं. धाकटीचा टीव्ही आठवडाभर बंद. हिचा बंद करता येत नाही, ती बघतच नाही.

११ जानेवारी

बाईंना आकडा दाखवायला हवा. दिवसाला किती चादरी निघतात ते. सगळं अडतं रोलरपाशी. रोलर म्हणजे आमची मोठी इस्त्री: तापलेल्या दोन जाड दांड्या फिरत असतात, ओली चादर मधून घालायची, पलीकडून पापडासारखी कडक बाहेर. तोंडाशी एक लोखंडी जाळी आहे, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. चादरीचं टोक तिच्यात अडकतं आणि वेळ जातो.

फिटरला सांगितलं, जाळी काढ. त्याने काढली.

रोलरवर मामा असतात. हिचे सख्खे मामा. तीस वर्षं त्याच जागी उभे आहेत. मला इथे त्यांनीच चिकटवलं होतं. ते कधी बोलून दाखवत नाहीत, त्यामुळे मलाही आठवण ठेवायची गरज पडत नाही. म्हणाले, "जावईबापू, जाळी राहू द्या." मी म्हणालो, तीस वर्षांच्या अनुभवाला जाळी कशाला? मामांना कौतुक आवडतं. कामाला लागले.

आज चाळीस चादरी जास्त निघाल्या.

१४ जानेवारी

बाईंशी पहिलं संभाषण. लिफ्टमध्ये. त्यांनी विचारलं, कसं काय चाललंय. मी तयारच होतो. म्हणालो, "कान्ट कम्प्लेन." म्हणजे छान चाललंय, तक्रारीला जागा नाही. चौथ्या दिवसाचा वाक्प्रचार. हसल्या. लिफ्टला अजून चार मजले होते, म्हणून आणखी दोनदा म्हणालो.

१७ जानेवारी

रिसेप्शनवर बसते त्या मुलीशी रोज सकाळी पाच मिनिटं इंग्रजी बोलतो. फार मर्यादशील. माझ्या प्रत्येक वाक्यानंतर 'पार्डन?' म्हणते. पार्डन म्हणजे माफी. आज अकरा वेळा मागितली. मी दर वेळी दिली.

२० जानेवारी, संध्याकाळी ६

मामांचा हात रोलरमध्ये गेला. उजवा. तीन बोटं.

ओरडले नाहीत. "बंद करा" एवढंच म्हणाले. लाल बटण माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी पुस्तक वाचत होतो. पानावर खूण करून ठेवली आणि गेलो, तेवढाच वेळ.

मशीनमधली चादर वाया गेली.

२१ जानेवारी

हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण मिटणार नाहीत. मूठ वळणार नाही.

वॉर्ड, बेड, नर्स, बँडेज, ट्रॉली, स्ट्रेचर, ड्रिप. एका भेटीत बावीस शब्द, तेही डोळ्यांसमोर वस्तू ठेवून. पुस्तकात असं शिकवत नाहीत. मामांना 'गेट वेल सून' म्हणालो. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, लवकर बरे व्हा. मामा म्हणाले, "बरं." ही कोपऱ्यात बसून रडत होती. तिला 'डोन्ट वरी' म्हणालो. तिने अर्थ विचारला नाही.

२५ जानेवारी

फिटरने जाळी परत बसवली. मी सांगितल्याशिवाय बसवली, पण मी काही बोललो नाही. मोठं मन ठेवावं. त्याने विचारलं, इतके दिवस जाळी नव्हती ते रजिस्टरमध्ये लिहायचं का? मी म्हणालो, जे आहे ते रजिस्टरमध्ये लिहितात, जे नव्हतं ते कसं लिहिणार? त्याने रजिस्टर मिटलं. नोकरीत नवा आहे. त्याला मी कायम करून घेणार होतो, त्याचीही आठवण दिली.

२८ जानेवारी

मोठी बातमी. बाईंनी मामांना परवा खोलीत बोलावलंय. अपघात कसा झाला, चूक कोणाची, भरपाई द्यायची की नाही, हे ठरवणार. मामांना इंग्रजी येत नाही. सोबत कोणीतरी बोलणारं हवं.

रिसेप्शनवाली म्हणाली, मी येते. मी म्हणालो, घरचा मामला आहे, घरचाच माणूस बोलेल. धाकटीने विचारलं, मी येऊ का शाळेतून? तिला म्हणालो, ही काय तुझी वक्तृत्व स्पर्धा आहे? ही म्हणाली, "अहो, मामांच्या पोटाचा प्रश्न आहे." मी म्हणालो, म्हणूनच.

मामांनाच विचारलं शेवटी. ते म्हणाले, "तुम्ही होतात ना तिथे. तुम्हालाच सगळं माहीत आहे. तुम्हीच सांगा."

विश्वास याला म्हणतात.

३० जानेवारी, दुपारी ४

ऐतिहासिक दिवस. जसंच्या तसं लिहून ठेवतो.

तिसरा मजला, बाईंची खोली. टेबलावर एक वही, एक पेन, बाकी काही नाही. मामा हात गळ्यात अडकवून खुर्चीच्या कडेवर बसलेले. मी ताठ. बाई मामांकडे बघून हळू आवाजात बरंच काही बोलल्या. मी मामांना सांगितलं, बाई म्हणतायत बसा. मामा म्हणाले, "बसलोय की."

मग बाईंनी मशीनचं विचारलं. नीट चालतं ना, अशा अर्थाचं. मी म्हणालो, "कान्ट कम्प्लेन." बाईंनी लिहून घेतलं.

मग लांबलचक प्रश्न आला. त्यात एक शब्द नवा होता. "वॉज ही रेकलेस?" दुसरा कोणी असता तर गडबडला असता. मी शब्द फोडला. शेवटी लेस. आधी रेक. रेक म्हणजे मोडतोड, नासधूस; गाडीची होते ती. म्हणजे रेकलेस: ज्याच्या हातून कधी मोडतोड झाली नाही असा. बाई विचारत होत्या, माणूस सांभाळून काम करणारा आहे का. मामांबद्दल माझा ऊर भरून आला. म्हणालो, "यस मॅडम. व्हेरी रेकलेस. थर्टी इयर्स रेकलेस. ऑल लाँड्री नो. मोस्ट रेकलेस मॅन."

बाईंनी भुवया उंचावल्या. मी म्हणालो, "आय गॅरंटी." त्यांनी लिहिलं आणि खाली रेघ मारली.

मग विचारलं, "हू रिमूव्ह्ड द गार्ड?"

हे तर सोपं. मागच्या गेटवरचा सिक्युरिटी गार्ड डिसेंबरमध्ये काढला. झोपायचा. तक्रार मामांनीच केली होती. एवढ्या बारीकसारीक गोष्टी बाईंपर्यंत पोचतात याचं नवल वाटलं. मी मामांकडे बोट केलं. "ही. ही रिमूव्ह. गार्ड नो गुड. गार्ड ऑलवेज स्लीपिंग."

शेवटच्या वाक्यावर बाई माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. बहुधा क्रियापद चुकलं.

मामाही माझ्याकडे पाहत होते. मी खुणेनं सांगितलं, उत्तम चाललंय. त्यांनी मान खाली घातली आणि बँडेजची सुटलेली गाठ चाचपत राहिले. बाईंनी त्यांच्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी सांगितलं, बाई विचारतायत, तुम्हाला काही म्हणायचंय का. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही. जावईबापू बोलले ना."

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "सगळं सांगितलंत?" मी म्हणालो, सगळं. "जाळीचं पण?" मी म्हणालो, जाळीचं त्यांनी विचारलंच नाही. मामा म्हणाले, "बरं."

अकरा वाक्यं इंग्रजीत बोललो. एकदाही अडखळलो नाही.

३० जानेवारी, संध्याकाळी

जेवताना सगळं साभिनय सांगितलं. रेकलेसपाशी धाकटीचा घास हातातच राहिला. तिने विचारलं, बाबा, तुम्ही नक्की हाच शब्द वापरलात? मी म्हणालो, तीन वेळा. ती म्हणाली, रेकलेस म्हणजे बेफाम. स्वतःच्या नाहीतर दुसऱ्याच्या जिवाची पर्वा न करणारा. मोडतोडीच्या 'रेक'ला असतो तसा याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नसतो, त्याचा मोडतोडीशी काही संबंध नाही.

मी नियमाची आठवण दिली. ती थांबली नाही. म्हणाली, आणि गार्ड म्हणजे मशीनचं संरक्षक झाकण. जाळी.

ही उठून हात धुवायला गेली. ताट अर्धंच होतं.

३१ जानेवारी

डिक्शनरी पाहिली. 'गार्ड'चे अर्थ: एक, पहारेकरी. दोन, पहारा. तीन, रेल्वेतला एक कर्मचारी. चार, यंत्राच्या धोकादायक भागावरचं आवरण.

चौथा अर्थ आहे. चौथा अर्थ कोण वापरतं?

'रेकलेस'चा एकच अर्थ दिलाय. डिक्शनरी लहान आहे.

१ फेब्रुवारी

चूक सुधारायची. यात कमीपणा नाही. कागदावर इंग्रजीत लिहून काढलं: सॉरी मॅडम, रेकलेस चुकून, गार्ड चुकून. पुढे जाळी मामांनी काढलेली नाही, हे लिहिलं. मग बाई साहजिकच विचारणार, मग कोणी काढली? त्या उत्तराचं इंग्रजी मला अजून येत नाही. अर्धवट तयारीने जाण्यात अर्थ नसतो.

२ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. दार बंद होतं. वाजवलं नाही, कामात असतील.

४ फेब्रुवारी

बाई कॉरिडॉरमध्ये समोरच आल्या. थांबल्या. हाऊ आर थिंग्ज, म्हणाल्या. संधी होती.

"कान्ट कम्प्लेन," म्हणालो.

तोंडात बसलंय, त्याला काय करणार.

७ फेब्रुवारी

ही रोज विचारते, "अहो, बाईंना सांगितलंत का, शब्दाची चूक झाली म्हणून?" आज म्हणालो, सांगितलं. बाई काय म्हणाल्या? मी म्हणालो, 'नेव्हर माइंड' म्हणाल्या. म्हणजे काय? म्हणजे मनावर घेऊ नका. हिने देवाला जोडतात तसे हात जोडले, माझ्यासमोर. मग मामांना सांगायला गेली, पायांत चप्पल घालायचीही राहिली होती. जिन्यावरून परत आली चप्पल घ्यायला.

आता हिला बरं वाटतंय, तर उगीच विषय काढू नये. कोणाला दुखवणं माझ्या स्वभावात नाही.

१२ फेब्रुवारी, दुपारी १

मामा घरी आले. हातात पाकीट. हॉटेलचं पत्र, इंग्रजीत. म्हणाले, "जावईबापू, जरा वाचून दाखवा."

मी वाचलं. एक पान. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत समजलं. कुठे थांबावं लागलं नाही, एकही शब्द फोडावा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचं पूर्ण पान मला एका दमात कळलं.

लिहिलं होतं: चौकशीत असं दिसून आलं की यंत्रावरचं संरक्षक आवरण आपण स्वतः काढलंत. आपल्या विभागप्रमुखांनीही आपल्या बेफिकीर वागण्याला दुजोरा दिला आहे. सबब भरपाई देता येत नाही. आपली सेवा या महिनाअखेर संपुष्टात येत आहे. खाली बाईंची सही.

मामा वाट पाहत होते. मी म्हणालो, "तुमच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल हॉटेल आभारी आहे. तूर्त विश्रांती घ्या. पुढचं कळवू."

मामांनी विचारलं, "एवढंच?"

मी म्हणालो, "इंग्रजीत लांबण फार लावतात."

"पुन्हा एकदा बघता का? एखादा शब्द राहिला असेल."

मी पुन्हा पाहिलं. म्हणालो, नाही, काही राहिलं नाही.

मामांनी पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग उठले. पत्र टेबलावरच ठेवून निघाले, विसरले बहुतेक. धाकटी तिथेच गणितं करत बसली होती. तिने पत्र उचललं, उघडलं, आणि चपला न घालताच त्यांच्या मागे जिना उतरून गेली. म्हाताऱ्या माणसाला खालपर्यंत सोडायला जाणं आजकाल कोण करतं? चांगलं वळण आहे घराचं.

परत यायला तिला पाऊण तास लागला.

१३ फेब्रुवारी

घरात शांतता. हिने ताट वाढलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मीठ मागितलं तर धाकटीने मिठाची बरणी आणून ठेवली, हातात दिली नाही. वस्तूंवरच्या सगळ्या चिठ्ठ्या निघाल्यायत. कोणी काढल्या ते विचारलं नाही.

अभ्यासाला शांतता चांगली. सातवा धडा चालू आहे. (तारखेप्रमाणे त्रेचाळीसावा हवा होता.)

१६ फेब्रुवारी, दुपारी ३

बाईंनी बोलावलं. मला वाटलं, हाऊसकीपिंगच्या खुर्चीचं. नवा शर्ट घालून गेलो.

खोलीत मामा बसले होते. त्यांच्या शेजारी धाकटी. शाळेचा युनिफॉर्म, दप्तर पायाशी. मला पाहून उठली नाही.

बाई बोलल्या. मी तोंड उघडलं, "मॅडम, आय..." बाईंनी हात वर केला आणि धाकटीकडे पाहिलं. धाकटी म्हणाली, "बाई म्हणतायत, तुम्ही तुमच्या भाषेत बोला. सावकाश. मी त्यांना सांगेन."

मी म्हणालो, मला समजतं इंग्रजी. तिने तेही इंग्रजीत करून सांगितलं.

मग मी बोललो. मशीन जुनं आहे. फिटर नवा आहे, त्याला समज नाही. चादरींचा आकडा वाढवायचा होता, हॉटेलच्या भल्यासाठीच. मामांचं आता वय झालं, हात पूर्वीसारखा चालत नाही. धाकटी प्रत्येक वाक्यानंतर थांबवायची आणि इंग्रजीत सांगायची. एक शब्द गाळला नाही, एक शब्द पदरचा घातला नाही. मामांचं वय झालं हेसुद्धा सांगितलं. माझी वाक्यं इंग्रजीत फारच छोटी होत होती. ती सांगताना माझ्याकडे बघत नव्हती, बाईंकडेही नाही. टेबलाच्या कडेकडे बघत होती.

मग ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, जाळी कोणी काढली?"

बाई काहीच बोललेल्या नव्हत्या. हा प्रश्न त्यांचा नव्हता.

मी म्हणालो, फिटरने.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी मामांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. बाईंचं पेन वहीवर टेकलेलं, हलत नव्हतं. धाकटीला माझं उत्तर बाईंना सांगायचं होतं, म्हणून ती थांबली होती. खूप वेळ थांबली. घाई केली असती तर मी काहीतरी बोलून गेलो असतो.

"माझ्या," म्हणालो.

धाकटीने बाईंकडे वळून एकच शब्द उच्चारला.

"हिज."

'माय फादर्स' असं म्हणता आलं असतं. व्याकरणात बसतं.

२० फेब्रुवारी

मामांचं पत्र रद्द. त्यांना भरपाई मिळणार, हात सुधारेपर्यंत घरी बसून पगार. हात सुधारणार नाही, पण तसं लिहावं लागतं.

मी इनचार्ज नाही. तळघरात मळके कपडे वेगळे करायला आहे. डाग बघायचा आणि टोपलीत टाकायचं: तेल वेगळं, रक्त वेगळं, शाई वेगळी. नोकरी राहिली, कारण मामांनी बाईंना सांगितलं, त्याच्या घरी माझी भाची आहे. धाकटीने ते इंग्रजीत करून दिलं असणार.

एका अर्थी बरंच झालं. तिथे कोणी बोलत नाही, त्यामुळे कोणत्याच भाषेची अडचण येत नाही.

फिटर आता रोलरवरून नावानेच हाक मारतो. पूर्वी साहेब म्हणायचा.

२६ फेब्रुवारी

ही सकाळी मामांकडे जाते, त्यांचा स्वयंपाक करून, भाकरी कुस्करून ठेवून परत येते. आज हिला म्हणालो, माझ्या हातून शब्दाची चूक झाली, बाकी काय केलं मी? ही म्हणाली, "चूक झाली ती तीस तारखेला. त्यानंतर तेरा दिवस काय करत होतात?"

हिचं गणित पूर्वी इतकं पक्कं नव्हतं.

१ मार्च, संध्याकाळी ५

मामांकडे गेलो. कोणी जा म्हटलं नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं, डाव्या हाताने. एकटेच होते. चहा करू का म्हणाले. मी नको म्हणालो, तरी केला. गाळणं डाव्या हातात, पातेलं उजव्याच्या मनगटावर पेलून. अर्धा चहा ओट्यावर गेला. मी बसून पाहत होतो. मदत करू का, हे विचारायचं ठरवेपर्यंत चहा झाला होता.

मी म्हणालो, मामा, त्या दिवशी बाईंनी गार्ड म्हटलं, मला पहारेकरी वाटला. मनात काही नव्हतं माझ्या.

मामा म्हणाले, "माहीत आहे."

मी विचारलं, कसं काय?

ते म्हणाले, "त्या जाळीवर इंग्रजीत तेवढा एकच शब्द कोरलेला आहे. तीस वर्षं रोज सकाळी फडक्याने पुसतोय. पूर्वीच्या फिटरला मी विचारलं होतं एकदा, हे काय लिहिलंय. तो म्हणाला, गार्ड. मला इंग्रजीतला तेवढाच शब्द येतो."

म्हणजे त्या दिवशी खोलीत त्यांना कळलं होतं. मी त्यांच्याकडे बोट करून 'ही रिमूव्ह' म्हणत होतो तेव्हाच.

मी म्हणालो, मग तिथल्या तिथे का बोलला नाहीत? आणि पत्र घेऊन आलात, तेव्हा तरी?

मामांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "मला वाटलं, तुम्हाला शब्द सापडत नसेल. सापडला की सांगाल."

मला काही सुचलं नाही. मराठीतही नाही.

त्यांना हाताच्या व्यायामासाठी हॉस्पिटलात जायचं होतं. शर्ट घातला, पण बटणं लागत नव्हती. बोटं सरळच राहतात. मी पुढे झालो आणि लावून दिली. वरपासून खालपर्यंत सगळी. ते मान वर करून उभे राहिले, लहान मुलासारखे. थँक्यू म्हणाले. मी म्हणालो, असू द्या.

जिना उतरताना लक्षात आलं, पहिलंच बटण दुसऱ्या काजात गेलंय. म्हणजे सगळीच चुकलीत. मामा तसेच बाहेर पडणार.

दोनच मजले चढायचे होते. गेलो नाही.